जबड्याखालची गाठ

त्याला कत्तलखान्यात सगळे ‘कशावरून’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही बिनतक्रार ओ देई. हे नाव ठेवलं मामांनी. मामा म्हणजे त्याचे सख्खे मामा नव्हेत. तिथल्या मांस-तपासनिसांत सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचेच मामा. एका सकाळी मामा हात चोळत नुसतं म्हणाले, “आज गारठा आहे हं,” आणि हा पठ्ठ्या म्हणाला, “कशावरून?” मामांनी स्वतःच्या तोंडातून निघणारी वाफ दाखवली. त्याचं समाधान झालं नाही. वाफेचं काय, आत्ताच चहा प्यायलेल्या माणसाच्या तोंडातूनही निघते. झालं, त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

घरीही तीच तऱ्हा. कुलूप लावलं की ओढून बघायचं, जिना उतरला की परत चढून ओढून बघायचं. बसवरची पाटी वाचून झाली की चालकाला विचारायचं, आणि चालकाला विचारून झालं की शेजारच्या प्रवाशाला, कारण चालक नवा असू शकतो. बायको एकदा वैतागून म्हणाली, “अहो, मी तुमची बायकोच आहे, एवढं तरी पटलंय का?”

“कागदोपत्री तरी तसं दिसतंय,” तो म्हणाला. पुढचे काही दिवस त्याला डबा मिळाला नाही.

अशा माणसाला जगात जेमतेम एखादीच नोकरी शोभते, आणि ती नेमकी त्याला मिळाली होती. जिथे संशय घेतला नाही तर साहेब झापतात, अशी नोकरी.

कत्तलखान्यात छताला रूळ असतो. रुळावरच्या आकड्यांना मागच्या पायांनी टांगलेली डुकरं एकामागून एक सरकत येतात. कढत पाण्यातून काढून केस खरवडलेली, गोरीगोमटी, दिसायला अगदी निरोगी. हा उभा असे डोक्यांच्या टेबलाशी. डाव्या हातात पोलादी कड्यांचा हातमोजा, उजव्या हातात सुरी. डुकराच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना बोराएवढ्या गाठी असतात. जनावराने तोंडावाटे जे काही आत घेतलं, त्याची पहिली चौकी ती. ती गाठ पापुद्र्या-पापुद्र्याने कापत जायची. चांगली असेल तर आतून ओलसर आणि गुळगुळीत लागते, सुरी लोण्यातून जावी तशी जाते. पण क्षयाची लागण झालेली असेल तर आत पिवळट-पांढरे कोरडे दाणे धरलेले असतात आणि सुरी करकरते, वाळूवरून ओढल्यासारखी. डोळ्यांच्या आधी मनगटाला कळतं. अशी सुरी मग कढत पाण्याच्या पेटीत टाकायची आणि दुसरी घ्यायची.

गंमत अशी, की जिवंतपणी त्या डुकराला बहुधा खोकला नसतो की ताप नसतो. मजेत खातं, लठ्ठ होतं, स्वतःच्या पायांनी चालत येतं. त्याचं बिंग फुटतं ते टेबलावरच. त्यामुळे कशावरूनला गुटगुटीत, टवटवीत जिवाबद्दल एकूणच संशय वाटू लागला होता. शेजाऱ्यांचं गोंडस बाळ कुणी त्याच्याकडे दिलं, तर त्याची बोटं नकळत त्याच्या हनुवटीखाली जात. लोकांना वाटे, किती लाड करतो!

जगात एकाच माणसाला त्याने कधी ‘कशावरून’ विचारलं नव्हतं. ती त्याची ताई. आई लवकर गेली, तेव्हा याला भरवणं, न्हाऊ घालणं, कान पिळणं हे सगळं ताईनेच केलं. ती म्हणाली सूर्य पश्चिमेला उगवतो, तर याने तिकडे तोंड करून नमस्कार केला असता. तिच्या सासरी भावोजींचं बस्तान दोनदा बसता बसता उठलं. तेव्हा ताईने परसात एक डुकरीण आणून बांधली. सासरच्यांनी नाकं मुरडली. “सून आता डुकरं राखणार!” आता त्या परसात लांबच्या लांब शेड होतं, आणि नाकं मुरडणारे तिला विचारल्याशिवाय घराला रंगसुद्धा काढत नव्हते. ते शेड म्हणजे ताईची त्या घरातली पत होती. शेडला टाळं लागलं असतं, तर ताई पुन्हा कोपऱ्यातली सून झाली असती.

आणि ताईची डुकरं याच कत्तलखान्यात येत.

नात्यातल्या माणसाचा माल आला की त्या तपासनिसाने टेबल बदलायचं, असा तिथला शिरस्ता. त्या दिवशी ताईचा माल आला तसा कशावरून डोक्यांचं टेबल सोडून आतड्यांच्या टेबलाशी गेला, आणि मामा तिकडून त्याच्या जागी आले. तसं पाहिलं तर आतड्यांच्या टेबलावरही तो ताईचाच माल तपासणार होता. पण सगळ्यात नाजूक निर्णय डोक्यांशी होतो, म्हणून शिरस्ता तेवढ्यापुरताच होता. शिरस्ता करणाऱ्याबद्दलही कशावरूनला थोडा संशय होताच.

आतड्यांची वेटोळी एका पातळ झालरीने धरलेली असतात, आणि झालरीत गाठींची माळ असते. पहिल्या दोन-चार जनावरांत काही नव्हतं. मग एका झालरीतून सुरी फिरताना मनगटाला ते जाणवलं. कर्र.

त्याने आतडी टाकाऊच्या पिंपात लोटली आणि सुरी बदलली. एकाच जागी सापडलं तर तेवढा भाग फेकायचा आणि बाकीचं पुढे जाऊ द्यायचं, असा नियम होता. पण झालरीत आणि जबड्याखाली अशा दोन्हीकडे सापडलं, तर अख्खं जनावर बाजूच्या रुळावर रोखायचं आणि पशुवैद्य असलेल्या डॉक्टरीणबाईंना बोलवायचं. मग चौकशी थेट मालकाच्या दारात जाते. त्याने मान वर करून पाहिलं. त्या जनावराचं डोकं मामांनी केव्हाच ‘ठीक’ म्हणून पुढे सारलं होतं. त्याला हायसं वाटलं.

थोड्या वेळाने पुन्हा कर्र. पुन्हा डोकं ठीक. आणि मग आणखी एकदा.

आता त्याचं डोकं चालायला लागलं. झालरीत आहे आणि जबड्याखाली नाही, असं होतं. एखाद्या वेळेस होतं. दर वेळी? त्याने मामांकडे निरखून पाहिलं. एरवी मामांचं लक्ष सगळीकडे आणि तोंड अखंड चालू. आज ते खाली मान घालून, मुकाट, एखाद्या गुणी विद्यार्थ्यासारखे काम करत होते. मामा आणि गप्प? म्हाताऱ्याची नजर गेली असेल? की हात दुखतोय? की कुणी काही हातावर ठेवलं? चौथी शक्यता त्याच्या मनाच्या दाराशी येऊन उभी होती, पण तिला तो आत घेत नव्हता.

शेवटी तो टेबल सोडून गेला आणि फळीवर ठेवलेल्या डोक्यांतलं एक त्याने उलटं केलं. जबड्याखालचं कातडं झकास उघडलं होतं. गाठीला मात्र नुसता ओरखडा होता, घाबऱ्या माणसाने फळाची साल काढावी तसा. आत सुरी गेलेलीच नव्हती.

ते डोकं परत ठेवलं असतं तरी चाललं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. ताईचं शेड, ताईचा मान, सगळं जागच्या जागी राहिलं असतं, आणि उरलेलं मांस शिक्का बसून कुणाच्या तरी ताटात गेलं असतं. कशावरूनने डोकं फळीवर नीट टेकवलं. मग त्याने सुरी लावली.

करकर इतकी स्पष्ट होती, की ती मामांनाही ऐकू गेली असावी.

“मामा.”

“बोल.”

“ही कापली का नाहीत?”

“कापली की.”

“ही कापलेली म्हणायची? हिला गुदगुल्या केल्यात नुसत्या.”

मामांनी सुरी खाली ठेवली. “अरे बाबा, तुझ्या ताईचा माल आहे. हात जरा हलका ठेवला. मला वाटलं, तूही तिकडे तसाच ठेवशील.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं, म्हणूनच तर हलका ठेवला. एकदा माहीत झालं की हात हलका ठेवता येत नाही, बाबा. तुझंच बघ आता.”

कशावरूनने काम थांबवायची दोरी ओढली. रुळावरची डुकरं जागच्या जागी थांबली.

डॉक्टरीणबाई आल्या. वाफेने चष्मा धुरकटलेला, तो त्यांनी कपाळावर चढवला, स्वतः गाठी चिरून पाहिल्या आणि मान हलवली. मग मामांच्या टेबलावरची सगळी डोकी नव्याने कापायला घेतली.  मामांना शेजारी उभं करून प्रत्येक गाठ दाखवत गेल्या, आणि मामा दर गाठीगणिक लहान होत गेले.

“तुमच्या बहिणीकडचं ना?” त्यांनी कशावरूनला विचारलं.

“हो.”

“मग आता हात धुवा आणि बाजूला व्हा. हे जंतू माणसाचे असतील, गाईगुरांचे असतील किंवा पक्ष्यांचे. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत ते वाढवून बघावे लागतात, आणि वाढायला ते वेळ घेतात. तोवर तिथलं एकही जनावर बाहेर जाणार नाही. आणि हे बघा, तोवर उगीच तर्क लढवत बसू नका.”

हे कुणाला सांगत होत्या! ‘माणसाचे’ हा शब्द कानावर पडला आणि त्यापुढचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. त्याला भावोजींचा खोकला आठवला.

भावोजी खोकत हे खरं. ठो ठो खोकत, आणि दिवसभर शेडमध्ये असत. सुट्टीच्या दिवशी कशावरून ताईकडे जाऊन थडकला. दारात ताई उभी होती. सुरी कुणी लावली हे तिला केव्हाच कळलं होतं.

“कोण म्हणून आलास? तपासनीस?”

“भाऊ म्हणून आलोय, ताई.”

“कशावरून?” ताई म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळलं, की हा शब्द समोरच्याला कसा लागतो. तो मुकाट्याने आत आला, मुकाट्याने जेवला, आणि हात धुतल्या धुतल्या सवयीने कामाला लागला. खाद्याची पोती हुंगली. पाण्याची टाकी डोकावून पाहिली. गव्हाणीत हात घालून तळ चाचपला. खाद्यवाल्याचं वजनापासून वाणापर्यंत सगळं ताईला विचारलं. शेजारच्यांची गाय कुंपणाजवळ येते का, हेही विचारलं.

“गाय येत नाही. तू तेवढा येतोस,” ताई म्हणाली.

दमून तो शेडमध्ये एका पालथ्या बादलीवर बसला. गव्हाणीच्या वरच्या आडव्या वाशावर ताईच्या जुन्या कोंबड्या दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यातली एक फडफडत खाली आली आणि थेट त्याच्या मांडीवर चढली. या घरात कुणीतरी आपल्याशी बरं वागतंय, म्हणून त्याला भरून आलं. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“किती हलकी झालीय गं ही. नुसतं कागदाचं भेंडोळं.”

“म्हातारी झालीय. अंडी कधीची बंद झाली सगळ्यांची.” ताईचा आवाज तेवढ्यापुरता मऊ झाला. “पण पहिल्या डुकरिणीला खाऊ घातलं ते यांच्या अंड्यांच्या जिवावर. यांना कशी कापू? बाहेर गारठायच्या, म्हणून इथे उबेला ठेवल्यात. बसू दे बापड्यांना.”

“बसू दे, बसू दे,” कशावरून म्हणाला. कारण तेवढ्यात भावोजी मागच्या दाराने हळूच बाहेर सटकताना त्याला दिसले होते.

तो पाठोपाठ गेला. भावोजी शेडला वळसा घालून पार मागच्या भिंतीशी गेले, इकडेतिकडे बघितलं, पंचा तोंडावर दाबला आणि पोटभर खोकले.

“भावोजी!”

भावोजी दचकले. “अहो मेहुणे! म्हटलं, तुमच्या समोर खोकलो तर टेबलावर घ्याल.”

“इथे लपून का खोकता?”

भावोजींचा हसरा चेहरा उतरला. “तुमच्या ताईला ऐकू जाऊ नये म्हणून. तुमच्या डोक्यात जे आहे, ते माझ्याही डोक्यात आहे. पण ठरलं की माझ्यामुळेच तिचं शेड गेलं, तर तिला तोंड कसं दाखवू?”

 दुसऱ्या दिवशी कशावरूनने भावोजींना हाताला धरून छातीच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला, थुंकी तपासली, पुन्हा तपासली. काही नाही. खाद्याच्या धुळीचा खोकला. नाकाला फडकं बांधा, म्हणाले. भावोजी दवाखान्यातून बाहेर आले ते छाती पुढे काढूनच. “छाती आरसा आहे, आरसा! सांगा तुमच्या ताईला.”

म्हणजे आता मामा नाहीत, भावोजी नाहीत, गाय नाही. कशावरूनचा संशय वाऱ्यावर पडला. मग तो पाण्याच्या टाकीकडे वळला, तिथून शेजाऱ्यांकडे, आणि एक दिवस तर ताईच्या सासूबाईंकडे. सासूबाई या सगळ्यात कुठे बसतात, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

आणि एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला खोलीत बोलावलं.

“पक्ष्यांचे निघाले. बहिणीकडे कोंबड्या आहेत का? जुन्या?”

कशावरूनने स्वतःच्या मांडीकडे पाहिलं.

“आहेत का?”

“आहेत,” तो म्हणाला. “गव्हाणीवरच बसतात. एकीला मी मांडीवर घेतलं होतं.”

दाराबाहेर मामा उभे होतेच. टेबलावरचा तो प्रकार झाल्यापासून ते याच्याशी जपून बोलत. पण हे ऐकल्यावर त्यांना राहवेना. “काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. तू तर कळसा मांडीवर घेऊन कुरवाळत बसलास!”

डॉक्टरीणबाई स्वतः शेडवर गेल्या. सगळ्यात हलकी कोंबडी त्यांनी ताईच्या देखत मारली आणि उघडली. काळीज रव्याचे दाणे शिंपडावेत तसं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं होतं. ताई वाकून बघत राहिली.

“हे कधीपासून?”

“बरेच दिवस झाले असतील. कोंबडी जितकी म्हातारी होते, तितकं वाढत जातं. त्यांची घाण गव्हाणीत पडते आणि डुकरं तेच खातात.”

“मी त्यांना ऊब मिळावी म्हणून तिथे ठेवल्या होत्या.”

“हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी सुरी पुसली. “माणसांना सहसा याचा त्रास होत नाही. पण जंतू मातीत फार काळ टिकतात. शेड पूर्ण रिकामं करावं लागेल.”

वाशावरच्या बाकीच्या कोंबड्या ताईने एकेक करून स्वतःच्या हाताने उतरवल्या. कशावरून मदतीला पुढे झाला, तर तिने त्याच्याकडे न बघता कोपरानेच त्याला मागे सारलं.

शेड रिकामं झालं. वरची माती खरवडून बाहेर गेली, वासे निघाले, चुना झाला, पत्रे काढून उन्हाला वाट दिली. सासरची मंडळी पुन्हा परसात येऊन उभी राहू लागली. “आम्ही तेव्हाच म्हणत होतो,” असं म्हणू लागली. काय म्हणत होते, ते मात्र कुणाला आठवत नव्हतं. आणि ताईने भावाशी बोलणं टाकलं. तो फोन करी, भावोजी उचलत.

“ताई आंघोळीला गेलीय.”

“कालही आंघोळच करत होती.”

“स्वच्छता आहे आता आमच्याकडे,” भावोजी म्हणत.

या अबोल्याचा अर्थ काय, यावर तो जेवढा झुरला तेवढा कुठल्या गाठीवर झुरला नसेल. ताई रागावलीय ती सुरी लावली म्हणून, की कोंबड्या ओळखल्या नाहीत म्हणून? बायको म्हणाली, “अहो, ती तुमच्यावर रागावलेलीच नसेल. स्वतःवर असेल.” त्याच्या तोंडाशी तो शब्द आला होता. त्याने तो गिळला.

मग एक दिवस भावोजींचाच फोन आला. “पिल्लं आणलीत. बोलावलंय तुम्हाला.”

तो नवे बूट घालून गेला. शेडला आता तारेचं कुंपण होतं, पत्र्याखाली पाखरं शिरू नयेत म्हणून जाळी होती, फाटकाशी पाय बुडवायचं पाण्याचं घमेलं होतं. आत ताई उभी होती.

“तिथेच थांब,” ती म्हणाली.

“अगं, मी आंघोळ करून आलोय. बूटसुद्धा कोरे आहेत.”

“काल कामावर होतास?”

“होतो.”

“गाठी कापल्यास?”

“तेच काम आहे, ताई.”

“मग आज आत नाही. दोन-चार दिवस घरी बस आणि मग ये.” तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. हनुवटीपासून बुटांपर्यंत, घाई न करता. कुणी असं न्याहाळलं की माणसाला नेमकं कसं वाटतं, याचा त्याने या जन्मी कधी विचार केला नव्हता.

आतून तिने एक पिल्लू उचलून लांबूनच दाखवलं. गुलाबी, गुटगुटीत, कानठळ्या बसतील असं किंचाळणारं. त्याची बोटं वळवळली, पण मधे कुंपण होतं.

“ही मोठी झाली की तुमच्याकडेच येतील,” ताई म्हणाली. “मामांना सांग, हात हलका ठेवलात तर मी स्वतः येऊन टेबलाशी उभी राहीन.”

“सांगतो.”

“आणि तू रे, झालरीवर?”

“माझा हात कधी हलका होता, ताई?”

 ताईने घरातून चहा आणला आणि कुंपणावरून हात लांब करून कप त्याच्याकडे दिला. त्याने उभ्या उभ्या फुंकर मारत तो प्यायला आणि रिकामा कप तिच्याकडे परत करायला हात पुढे केला.

“मला देऊ नकोस,” ती दोन पावलं मागे सरकत म्हणाली. “त्या दगडावर ठेव. मी उकळतं पाणीच ओतते त्याच्यावर.”